डाय सोडायच्या आधीच

रक्तवाहिनी एक्सरेत दिसत नाही. डाय, म्हणजे एक्सरेत उठून दिसणारं औषध, सोडला की दिसते. त्या दिवशी मात्र आमच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या नसा तपासायच्या-उघडायच्या खोलीत, पेशंट काकांच्या छातीवर फ्लोरो (चालता एक्सरे) टाकला आणि डायच्या आधीच हृदयाची डावीकडची पुढची नस दिसली. ठोक्याबरोबर हलणाऱ्या दोन करड्या रेषा, रेल्वेच्या रुळांसारख्या. भिंतीत कॅल्शियम बसलेलं. डॉक्टर सर कॅल्शियम घासायच्या यंत्राबद्दल एवढंच म्हणाले, "रोटा आहे ना?"

आधी बलून लावून बघितला. वीस अॅटमॉस्फिअरच्या दाबाला दोन्ही टोकं फुगली, मधली कंबर तशीच. अगदी डमरू. अशा जागी स्टेंट रेटून बसवला तर तोही डमरूच होतो, आणि न उघडलेल्या स्टेंटमध्ये गुठळी व्हायला वेळ लागत नाही.

रोटा पॅकेजमध्ये नव्हता. मुलाला बाहेर बोलावून, खर्च सांगून, सही घेईपर्यंत काका टेबलवर पडून. मी तेवढ्यात फाईल चाळली, तर आत सीटीचे दोन कॅल्शियम स्कोअर, म्हणजे नसांत किती कॅल्शियम बसलंय त्याचे आकडे! पहिला ६४०, दोन वर्षांनंतरचा ९१०. चारशेच्या वर गेला की आम्ही जास्त म्हणतो. हे कागद आदल्या दिवशी कुणी उघडले असते तर मुलाला अशी धावपळ करायला लागली नसती. पण आमच्याकडे फाईल जाड व्हायला असते, वाचायला नाही.

रोटा म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेला दीड मिलिमीटरचा बर (घासायचं फिरतं टोक), मिनिटाला एक लाख साठ हजार फेरे. मऊ भिंत बाजूला सरते, कडक तेवढं घासलं जातं. भुगा तांबड्या पेशीहूनही बारीक, रक्ताबरोबर निघून जातो. सरांचे डोळे स्क्रीनवर, माझे फेऱ्यांच्या आकड्यावर. पण आकड्याच्या आधी कानाला कळतं: बर अडला की दातांच्या डॉक्टरकडच्या मशीनसारखा तो आवाज जड होतो. "सर, सहा हजार पडले!" की सर मागे घेतात. एका वेळी वीस सेकंदांच्या वर नाही. चौथ्या फेरीला आवाज एकसारखा झाला. मग बलून सरळ उघडला, स्टेंट बसला.

मनगटाला बँड लावताना काका म्हणाले, "दूध बंद केलं होतं हो मी. ती कोलेस्टेरॉलची गोळीपण सोडली. घेऊनसुद्धा आकडा वाढलाच की!"

मला काय बोलावं सुचेना. हे कॅल्शियम दुधातून येत नाही. सुजलेल्या, चरबी साठलेल्या भिंतीतल्या पेशीच हाडातल्या पेशींसारख्या वागायला लागतात, मधुमेह असला तर जास्तच. आणि त्या गोळीने मऊ चरबी आटते, उरलेलं घट्ट होतं. म्हणून धोका कमी होत असतानाही स्कोअर वाढू शकतो. फुटून अॅटॅक आणते ती बहुतेक वेळा मऊ गाठच. रिपोर्टवर यातलं काही नसतं. आकडा आणि 'सिव्हिअर', बस. चेकअपची सवलत मात्र ठळक अक्षरात.

मी टेक्निशियन, औषधाबद्दल बोलणं माझं काम नाही. "काका, गोळीचं सरांना नक्की विचारा," म्हटलं. सरांनाही सांगितलं. "डिस्चार्जला बघू," म्हणाले. डिस्चार्जच्या दिवशी माझी सुट्टी होती.

नंतर कार्ड काढून बघितलं. गोळी लिहिली आहे, रात्री एक. महिन्याने बोलावलं होतं. ओपीडीच्या यादीत मी दोनदा नाव शोधलं.