संप संपला?

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता मला लालबागच्या एका मराठी शाळेत मिळाली. इयत्ता आठवी, विषय मराठी. पहिल्याच आठवड्यात निबंधाच्या वह्या घरी नेल्या आणि रात्री वाचताना वाईट वाटत गेलं. तीस वह्यांमध्ये आजी एकच होती. पहाटे उठणारी, तुळशीला पाणी घालणारी, गोष्टी सांगणारी. ज्या वस्तीतल्या निम्म्या आज्यांनी गिरणीच्या भोंग्यावर आयुष्य काढलं, तिथली मुलं असं का लिहितात? कारण वाचणारी एकटी मी, आणि मी गुण देणार.

म्हणून वर्गाचा ब्लॉग करायचं ठरवलं. मार्गदर्शक बाईंनी लगेच विचारलं, "पोरांची नावं, फोटो कुठवर जाणार?" शंका अगदी रास्त होती. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूलच धरला आहे, आणि मुलाची माहिती हाताळायची तर पालकांची संमती लागते. आम्ही ती लेखी घेतली. फोटो नाही, आडनाव नाही, ब्लॉग फक्त निमंत्रित पालकांना दिसणार, आणि आलेली प्रत्येक प्रतिक्रिया आधी माझ्या नजरेखालून जाणार.

संगणक कक्षात चालू संगणक सहाच. त्यामुळे मुलांनी आधी वहीत लिहिलं आणि मग माझ्या फोनवर बोलून टाइप केलं. पडद्यावर सलग मजकूर आला, एकही पूर्णविराम नाही. वाक्य कुठे संपतं यावर त्या दिवशी मुलं जितकी भांडली, तितकी माझ्या विरामचिन्हांच्या पाठाला कधीच बोलली नव्हती.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने आजीच्या खानावळीवर लिहिलं. गिरणीतल्या वीस जणांना तिची आजी दोन वेळचं जेवू घालायची, पगार झाला की हिशेब व्हायचा, कुणी गावाला गेला की त्याचे खाडे वजा व्हायचे. शेवटी तिने लिहिलं होतं : 'मग संप झाला आणि संप संपला.'

सोमवारी सकाळी प्रतिक्रिया आली होती. वर्गातल्याच एका मुलाच्या आजोबांची, वडिलांच्या खात्यावरून लिहिलेली. ते गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. त्यांनी लिहिलं होतं, 'बाळ, छान लिहिलंस. पण संप संपला असं लिहू नकोस. मागे घेतला असं कुणी जाहीर केलंच नाही. आम्ही वाट बघत राहिलो.'

मी ती वर्गात वाचून दाखवली. कुणी बोलेना. ती मुलगी उभी राहिली, या दोन महिन्यांत पहिल्यांदाच. "बाई, मग संपला नाही तर काय लिहायचं?"

माझं पाठाचं टाचण तसंच बाजूला राहिलं. फळ्यावर मुलं सांगत गेली : थांबला, विरला, मोडला, विसरला गेला. 'मोडला'वर आजोबांचा नातू चिडला. "मोडला म्हणजे कुणीतरी मोडला. आजोबा तर कामावर गेलेच नव्हते!" क्रियापदाचा कर्ता कोण, हे मी इतकं चांगलं शिकवू शकले नसते. मीही तिथेच सांगितलं की डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार १८ जानेवारी १९८२ पासून संपावर गेले होते. मुलांना तारीख हवीच होती, त्यांनी ती लगेच उतरून घेतली.

निरीक्षणाला आलेल्या प्राध्यापकांनी 'पाठ टाचणानुसार झाला नाही' असा शेरा दिला. शेरा खरा आहे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हे रोज जमणार नाही, आणि ज्यांच्या घरी फोन दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो त्या मुलांना प्रतिक्रिया छापूनच द्याव्या लागतात. तरीही मी ब्लॉगच्या बाजूने ठाम आहे. लाल शाईने मी 'पुन्हा लिही' म्हटलं की मुलं शुद्धलेखन सुधारतात. एका अनोळखी आजोबांनी म्हटलं तेव्हा त्या मुलीने मजकूरच बदलला, तोही कुणी न सांगता, मधल्या सुट्टीत.

तिचा नवा शेवट असा होता : 'संप मागे घेतला असं कुणी सांगितलं नाही. जेवणारे एकेक करून गावाला गेले. त्याच वर्षी आजीने खानावळ बंद केली.'

आजीला वाचता येत नाही, म्हणून छापलेला कागद तिने घरी नेऊन वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. "बाई, अजून एक चूक आहे. त्याच वर्षी नाही. चार जण राहिले होते, त्यांच्यासाठी ती पुढच्या दिवाळीपर्यंत रांधत होती."