तुम्ही विचारलंत म्हणून: जीपचा रोल केज घरी बनवता येतो का?

जुन्या जीपचे मालक मला हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. कुणाकडे एमएम 540 असते, कुणाकडे जिप्सी, कुणी पहिल्या पिढीतली थार घेतलेली असते. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या निसरड्या आडव्या उतारावर गाडी एका अंगाला कलते आणि आपल्या डोक्यावर कापडी हुडाशिवाय काहीच नाही, हे तेव्हा जाणवते. मग विचारणा होते, की घरी वेल्डिंग मशीन आहे, ग्राइंडर आहे, पाइप बाजारात मिळतो, तर रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, घरीच का बनवू नये? फॅब्रिकेशन हा माझा व्यवसाय असून अशी कामे मी घरामागच्या शेडमध्येच करतो, त्यामुळे 'घरी होत नाही' असे मी म्हणणार नाही. होते. मात्र लोकांचे सगळे लक्ष डोक्यावरच्या कमानींकडे असते आणि तोच या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. गाडी उलटली की जमीन केजला वरून दाबते आणि तो दाब नळीतून, वळणांतून, सांध्यांतून खाली उतरत शेवटी चासीपर्यंत पोहोचावा लागतो. या वाटेवर जी जागा सर्वांत कच्ची असेल, तितकाच तो केज पक्का. म्हणून केजचा विचार मी नेहमी पायापासून वर करतो आणि विचारणाऱ्यालाही तसाच करायला सांगतो.

जीपची बॉडी चासीवर रबरी बुशांवर बसवलेली असते. तिच्या फरशीचा पत्रा एक-सव्वा मिलिमीटरचा, आणि जुन्या गाडीत तोही सीटखाली आणि कोपऱ्यांत गंजलेला. या पत्र्यावर केजचे पाय नुसते बोल्टने आवळले, तर गाडी उलटताना पाय पत्रा फाडून खाली घुसतात आणि वरची कमान, कितीही मजबूत असली, तरी माणसाच्या डोक्याकडे सरकते. स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, जे नियम ठरवले आहेत, त्यांत कमानींच्या बोल्टने बसवलेल्या प्रत्येक पायाखाली किमान 120 चौरस सेंटिमीटरची आणि 3 मिमी जाडीची पट्टी मागितली आहे आणि तो पाय 8.8 प्रतीच्या किमान तीन एम8, म्हणजे 8 मिमी व्यासाच्या, बोल्टांनी धरावा असे म्हटले आहे. ही किमान मर्यादा आहे. जीपच्या जुन्या पत्र्यासाठी मी याहून मोठी पट्टी घेतो, ती फरशी आणि बाजूची भिंत यांच्या कोपऱ्यात दोन्हीकडे वळवून बसवतो आणि पत्र्याच्या खालूनही तशीच पट्टी लावून पत्रा दोहोंच्या मध्ये दाबून धरतो. आधी गंजका पत्रा कापून नवा घालणे हे अर्थातच ओघाने आले.

यावर पुष्कळ जण एक सोपा वाटणारा उपाय सुचवतात: फरशीला भोक पाडावे, पाइप आरपार न्यावा आणि सरळ चासीला वेल्ड करून टाकावा. दाब चासीपर्यंत पोहोचवायचा हे तत्त्व त्यात बरोबर आहे, पण एक गोष्ट विसरली जाते. खडकांतून जाताना लॅडर चासी, म्हणजे जीपचा शिडीसारखा सांगाडा, पिळवटते. बॉडीला तो पीळ बसू नये म्हणूनच मधे रबर ठेवलेले असते. केज चासीला घट्ट आणि बॉडीलाही घट्ट असला, तर प्रत्येक खड्ड्यात दोघांची ओढाताण केजच्या पायात होते आणि काही काळाने तिथल्याच वेल्डला तडा जातो. तो तडा मॅटखाली असल्याने दिसतही नाही. मला पटलेली पद्धत अशी: केज बॉडीला वर सांगितल्याप्रमाणे पक्का धरायचा आणि त्या पायाच्या बरोबर खाली चासीवर एक कंस (ब्रॅकेट) बसवून दोघांच्या मध्ये बॉडी माउंटइतक्याच कडकपणाचे रबरी बुश घालायचे. नेहमीच्या चालण्यात बॉडी हवी तेवढी हलते आणि गाडी उलटली तर पाय चासीवर जाऊन टेकतो.

आता पाइप. पाण्याच्या जीआय पाइपचा केज रस्त्यावर सर्रास दिसतो, कारण तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि हाताला जाड लागतो. एफआयए कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड अवस्थेत ओढलेली बिनसांध्याची, कार्बन स्टीलची नळी मागते. मुख्य कमानीला, म्हणजे सीटमागच्या उभ्या कमानीला, व्यास 45 मिमी आणि जाडी 2.5 मिमी, किंवा 50 मिमी आणि 2 मिमी. बाकीच्या भागांना 38 मिमी आणि 2.5 मिमी, किंवा 40 मिमी आणि 2 मिमी. आपल्याकडे घरगुती कामाला सीमलेस परवडत नसेल, तर वाहनांसाठीची सीडीडब्ल्यू नळी, म्हणजे वेल्ड करून मग थंड अवस्थेत ओढलेली नळी, हा मला मान्य असलेला पुढचा पर्याय आहे. अमेरिकेतले ऑफ-रोड ट्रकवाले डीओएम म्हणून जी वापरतात, ती हीच. फक्त स्पर्धेला जायचे असेल, तर ही सवलत घेऊ नये. 45 मिमीची नळी मीटरला साधारण 2.6 किलो भरते. 40 एनबीचा, म्हणजे आतून साधारण 40 मिमीचा, मध्यम प्रतीचा पाण्याचा पाइप बाहेरून 48.3 मिमी आणि 3.2 मिमी जाडीचा असल्याने मीटरला साडेतीन किलोंच्या पुढे जातो. वीस-पंचवीस मीटरच्या केजमध्ये हा फरक वीसेक किलोंचा होतो आणि ते वजन नेमके गाडीच्या वरच्या भागात चढते. जी गाडी उलटू नये म्हणून आपण जपतो, तिचाच गुरुत्वमध्य त्यामुळे वर जातो. शिवाय जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर वेल्डिंग करू नये. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते, स्टील वितळते 1,500 अंशांच्या आसपास. म्हणजे स्टील वितळण्याच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ होते, ती वेल्डमध्ये बारीक भोके ठेवते आणि श्वासातून आत गेली, तर रात्री थंडी वाजून ताप भरतो.

वाकवण्याचे काम घरी करण्याचा आग्रह मी धरत नाही. प्लंबरकडच्या हायड्रॉलिक बेंडरचे बूट, म्हणजे वाकवायचे साचे, पाण्याच्या पाइपच्या मापांचे असतात. त्यात पातळ नळी घातली, की वळणाच्या आतल्या बाजूला चपटी होते किंवा सुरकुतते आणि दाब आला की तिथेच मोडते. साच्याभोवती ओढून वाकवणारे रोटरी ड्रॉ मशीन यासाठी लागते. पुण्याजवळच्या भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत असे बेंडिंग करून देणारे मिळतात. त्यांना तारेचा नमुना करून द्यावा आणि वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे 45 मिमीच्या नळीला मध्यरेषेवर किमान 135 मिमी, ठेवायला सांगावे. नळी परत आली की प्रत्येक वळणावर व्हर्निअर लावावे. वळणात नळी थोडी लंबवर्तुळाकार होतेच, पण लहान व्यास मोठ्या व्यासाच्या 0.9 पटीपेक्षा कमी भरला, तर ती नळी केजसाठी घेऊ नये. मुख्य कमान एकाच अखंड नळीची असावी, मधे सांधा नको. माप घेताना चालकाने हेल्मेट घालून सीटवर बसावे. उभ्याने किंवा अंदाजाने घेतलेली मापे पुढे कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

रचनेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण पत्र्याच्या शेडची कैची ज्याने पाहिली आहे, त्याला ती समजते. चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून मुख्य कमानीत एक तिरपा दांडा हवाच आणि कमानीच्या वरच्या कोपऱ्यांपासून मागे जाणारे दोन सरळ आधार उभ्या रेषेशी किमान 30 अंशांचा कोन करणारे हवेत. दिसायला भरगच्च पण तिरपा दांडा नसलेला केज बाजूने लोळणाऱ्या गाडीत पत्त्यासारखा आडवा होतो, हे मी पाहिलेले आहे.

घरी करायचे खरे काम म्हणजे सांधे, आणि सगळा वेळ तिथेच जातो. एक नळी दुसऱ्या नळीला जिथे भिडते, तिथे तिच्या टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच करावी लागते. बाजारात होल-सॉ लावून ही खाच पाडणारी जिग मिळते, पण मी अजूनही पुष्कळदा कागदावर काम करतो. 45 मिमीच्या नळीचा घेर 141 मिमीच्या किंचित वर भरतो. तेवढ्या रुंदीच्या कागदावर कोनाप्रमाणे वक्ररेषा काढून तो नळीभोवती गुंडाळायचा, कडेने मार्कर फिरवायचा, रेषेच्या एक मिलिमीटर अलीकडे ग्राइंडरने कापायचे आणि उरलेले अर्धगोल कानशीने घासत रेषेवर यायचे. मग नळी जागेवर धरून मागे दिवा लावायचा. सांध्यातून उजेडाची फट दिसली, की जिथे टेकते तिथे पुन्हा दोन हात कानस. फट राहिलेला सांधा वेल्डने भरून काढता येतो आणि बाहेरून तो छानही दिसतो, पण थंड होताना तो वेल्ड आकसतो, नळीला ओढतो आणि केज वाकडा करतो. वर भरलेला धातू नळीच्या भिंतीत किती मुरला, याचीही खात्री उरत नाही. एका सांध्यामागे अर्धा तास गेला, तर तो गेला असे म्हणू नये.

वेल्डिंगसाठी मला मिग मशीन, ज्याला आपल्याकडे सीओटू म्हणतात, सर्वांत भरवशाचे वाटते. हात बसलेला असेल, तर आर्गनचे, म्हणजे टिगचे काम सुंदर होते. साध्या आर्कवर करायचे असेल, तर 7018 जातीची वेल्डिंगची कांडी, तीही भट्टीत नीट सुकवलेली. दमट 7018 वापरण्यात अर्थ नाही. गाडीला हात लावण्याआधी त्याच नळीच्या तुकड्यांवर, त्याच सेटिंगवर नमुन्याचा सांधा करा. तो शिकंज्यात धरा आणि घणाने वाकवा. नळी चेपली आणि वेल्ड शाबूत राहिला, तर सेटिंग बरोबर. वेल्ड नळीपासून सालपटासारखा सुटून आला, तर तो धातूत मुरलाच नव्हता. दुसरा नमुना आडवा कापून, कापलेला भाग पॉलिश कागदाने घासून, वेल्ड किती खोल गेला आहे तेही पाहावे. हे दोन नमुने समाधानकारक येईपर्यंत ज्याला धीर धरवत नाही, त्याने सांधे एखाद्या जाणत्या वेल्डरकडून करून घ्यावेत. बाकीचे काम तरीही त्याचे स्वतःचेच राहते.

आधी संपूर्ण केज टॅक मारून, म्हणजे वेल्डचे नुसते ठिपके देऊन, उभा करायचा. गाडी स्टँडवर समतल ठेवलेली असली पाहिजे, म्हणजे ओळंबा आणि गुण्या लावून कमानी तपासता येतात. मग एकदा उजवीकडचा, एकदा डावीकडचा सांधा, असे फिरत वेल्डिंग करायचे, म्हणजे उष्णता एकीकडे साठत नाही. प्रत्येक सांधा पूर्ण गोल वेल्ड झाला पाहिजे. बंद छपराच्या गाडीत वरची बाजू हाताशी येत नाही आणि तेवढा भाग तसाच सोडून दिला जातो. उघड्या जीपमध्ये ही अडचण नसल्याने तिथे सबब चालणार नाही. वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करू नये, कारण त्यात सांध्याचाच धातू जातो. हे सगळे करताना बॅटरी काढून ठेवलेली असावी, इंधनाची टाकी उतरवून शेडबाहेर नेलेली असावी आणि अग्निशामक हाताच्या अंतरावर असावा.

यानंतर एक गोष्ट अशी आहे, की जी ऐकून काही जण केजचा विचारच सोडून देतात, आणि त्यात मला गैर वाटत नाही. डोक्याच्या आसपासची पोलादी नळी हेल्मेट नसलेल्या माणसासाठी स्वतःच धोका असते. साध्या अपघातात, जिथे गाडी उलटलीही नसती, तिथे उघडे डोके या नळीवर आपटू शकते. म्हणून डोके पोहोचेल अशा प्रत्येक नळीवर केजसाठी बनवलेला कडक फोम लागतो. एसीच्या पाइपवर चढवतात तो मऊ फोम बोटाने दाबला तरी तळाला लागतो, त्याचा उपयोग नाही. पट्टा धड नसेल, तर माणूस केजच्या आतच फेकला जातो, म्हणून ऑफ-रोडिंगला चांगली सीट, हार्नेस, म्हणजे खांद्यांवरूनही येणारा पट्टा, आणि हेल्मेट हे केजच्या खर्चातच धरावेत. ज्याची गाडी रोज मुलांना शाळेत सोडते, त्याला मी केज करून देत नाही. कायद्याची बाजूही आहे: मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 52 निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करते आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ आणखी स्पष्ट केला आहे. त्यामुळे आरटीओत चौकशी केल्याशिवाय नळीची ऑर्डर देऊ नये. स्पर्धेत उतरायचे असेल, तर आपल्याकडे एफएमएससीआयचे, म्हणजे देशातल्या मोटार स्पर्धांच्या महासंघाचे, नियम असतात आणि गाडीची तपासणी होते. त्या वर्षीची नियमपुस्तिका हातात घेऊनच काम सुरू करावे.

रंगाचे विचाराल, तर काळा देऊ नका. पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी रंगावर वेल्डच्या कडेला पडलेला केसाएवढा तडा गंजाच्या रेषेने लगेच दिसतो. पावडर कोटिंगचा जाड थर असा तडा बराच काळ लपवतो, म्हणून मी साधा ब्रशने मारायचा रंग पसंत करतो. प्रत्येक ट्रेलनंतर गाडी धुतली, की मॅट उचलून पाय पाहावेत, बोल्टवर पाना फिरवावा. गाडी खरोखरच उलटली, तर वाकलेली नळी तापवून सरळ करू नये. ती कापून काढावी, तिच्या दोन्ही टोकांचे सांधे नव्याने करावेत आणि खालच्या पट्ट्या व चासीवरचे कंसही तपासून घ्यावेत.