ओळ क्रमांक ९१४५

आमच्या धंद्यात कलर लुकअप टेबलला, म्हणजे व्हिडिओतल्या प्रत्येक रंगाचा ठरलेला दुसरा रंग करणाऱ्या तक्त्याला, कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. 'लट' म्हणतात. "अण्णा, लट मारली काय?" "ह्या शॉटला कुठली लट?" बेळगावच्या शहापुरात माझी दहा बाय बाराची एडिटिंगची खोली आहे. खानापूर, निपाणी, चंदगडकडचे फोटोग्राफर हार्डडिस्क आणून टाकतात आणि मी त्यांच्या लग्नांचं मिक्सिंग करतो. 'मिक्सिंग' हा कॅसेटच्या काळातला शब्द, अजून गेला नाही. पार्टी विचारते, "मिक्सिंग झालं काय?" मी म्हणतो, उद्या. सीझनमध्ये हा उद्या पंधरा दिवसांचा असतो.

डिसेंबरच्या एका लग्नाची फिल्म फेब्रुवारीत दिली. तिसऱ्या दिवशी नवरीच्या आईचा फोन. "जरा घराकडं येऊन जावा की. फोनवर सांगता येईना झालंय."

फोनवर न सांगता येण्यासारखं म्हणजे बहुतेक वेळा कुणाचा तरी फोटो राहिलेला असतो, नाहीतर मामाला दोनच सेकंद दाखवलेलं असतं. लॅपटॉप आणि डिस्क घेऊन खानापूरच्या पुढं त्यांच्या गावी गेलो. माजघरात टीव्हीवर फिल्म थांबवून ठेवलेली. पडद्यावर नवरीचे हात, कासार चुडा भरतोय. समोर पाटावर आज्जी.

"ह्यो चुडा कुणाचा?" आज्जीनं मला विचारलं.

"नवरीचाच की, आज्जी."

"कासाराला मीच बोलवल्यालं. माझ्या डोळ्यासमोर हिरवा भरला त्यानं. तुमच्यात काळा कसा झाला?"

मी बघितलं. काळा नव्हता, गडद निळसर होता. पण त्यांचा टीव्ही 'व्हिविड'वर, त्यात खोलीत अंधार. आज्जी म्हणत होत्या ते बरोबर होतं, काळाच दिसत होता. फिल्म सोयऱ्यांसमोरच लावली होती. चंदगडची माणसं काही बोलली नाहीत म्हणे, पण चहा अर्धा ठेवून उठली. हिरवा चुडा काय असतो हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको.

मी "टीव्हीचं सेटिंग असेल" असं म्हणालो. आमच्या धंद्यात हे पहिलं वाक्य असतं, आणि दहापैकी नऊ वेळा ते खरंही असतं. मग लॅपटॉपवर तोच शॉट लावला. निळाच.

आता ही लट कुठली? माझीच. विकतची नाही. व्हॉट्सॲपवर ढिगानं फिरणाऱ्या 'सिनेमॅटिक पॅक'मधली असती तर दोष देऊन मोकळा झालो असतो. ही मी दोन पावसाळे घासून केलेली. जांबोटी-चोर्ल्याकडं प्री-वेडिंग शूट करायची इथं फॅशन आहे, आणि पावसानंतर तिकडचं रान कॅमेऱ्यात इतकं पोपटी येतं की जोडपं हरवून जातं. डोळ्यांना गोड वाटणारा हिरवा वेगळा आणि सेन्सरनं दिलेला हिरवा वेगळा. म्हणून मी हिरव्याचा हट्ट मोडला. त्याची छटा निळ्याच्या दिशेला थोडी फिरवली, सावल्यांत मोरपंखी भरला, त्वचेला ऊब दिली. रान शांत झालं, माणसं पुढं आली. दाविंची ह्या रंगाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या सगळ्या बदलांची ३३ बिंदूंची क्यूब फाईल, म्हणजे लट, काढली. मग खुशीत मित्रांना फुकट वाटली. ही खुशी लक्षात ठेवा.

क्यूब फाईल म्हणजे काय ते फार कमी एडिटरांनी उघडून बघितलेलं असतं. नोटपॅडमध्ये उघडते. वर दोन-चार ओळी आकार वगैरेच्या, मग नुसते आकडे, प्रत्येक ओळीत तीन: लाल, हिरवा, निळा. लाल, हिरव्या आणि निळ्या दिशेला प्रत्येकी ३३ पायऱ्या, म्हणजे ३३ गुणिले ३३ गुणिले ३३, एकूण ३५,९३७ ओळी. आत येणारा रंग ज्या बिंदूवर पडेल त्या ओळीतला रंग बाहेर पडतो. दोन बिंदूंच्या मध्ये पडला तर आजूबाजूच्या बिंदूंवरून हिशेब करून मधला रंग काढतात. बस. ह्यात बुद्धी कुठंच नाही. समोर रान आहे, शालू आहे की काच, ते तिला कळत नाही. लहानपणी पाढे म्हणायचो तसं आहे. तेरा सत्ते एक्क्याण्णव म्हणताना आंबे मोजतोय की माणसं, हे पाढ्याला काय ठाऊक.

परत येऊन रात्री मी ती ओळ शोधली. चुड्याच्या काचेचा खरा रंग साधारण लाल दहा टक्के, हिरवा चाळीस, निळा पंचवीस धरला. ३३ पायऱ्यांच्या हिशेबात लाल ३, हिरवा १३, निळा ८. फाईलमध्ये लाल सगळ्यात भरभर बदलतो, मग हिरवा, मग निळा. तेव्हा ३ अधिक १३ गुणिले ३३ अधिक ८ गुणिले १,०८९, म्हणजे ९,१४४. शून्यापासून मोजतो म्हणून आकड्यांची ओळ ९,१४५ वी. तिथं हिरवा आणि निळा जवळजवळ बरोबरीला आणून ठेवले होते. मीच ठेवले होते, रानासाठी.

पण बरोबरी म्हणजे मोरपंखी. काळपट निळा नव्हे. इथं माझं डोकं फिरलं. मुख्य कॅमेऱ्याच्या शॉट्समध्ये, अक्षतांच्या वेळी, तोच चुडा जरा मळकट हिरवाच दिसत होता. चुडा भरायचे शॉट दुसऱ्या कॅमेऱ्याचे. त्या कॅमेरावाल्याला फोन लावला. आम्ही लॉगमध्ये शूट करायला सांगतो, म्हणजे रंग नंतर चढवता यावेत म्हणून मुद्दाम फिकं रेकॉर्डिंग.

"लॉगमध्येच शूट केलंस न्हवं?"

"लॉगच की अण्णा. खरं तुमचीच लट लावलेली की आत."

कॅमेऱ्यात. हल्ली काही कॅमेऱ्यांत लट आत भरून थेट रेकॉर्डिंगवर चढवता येते. मी त्याला लॉगवरून नेहमीच्या रंगात आणणारी आणि वर माझा लूक चढवणारी जोडलट दिली होती, "फक्त मॉनिटरवर बघायला" असं दोनदा सांगून. लॉग मॉनिटरवर धुवून काढल्यासारखा फिका दिसतो. एस-लॉग ३ ह्या सोनीच्या लॉगमध्ये १८ टक्क्यांचा मधला करडा ४१ टक्क्यांवर बसतो, काळा काळा राहत नाही, आणि नवरीचा मामा मागून डोकावून विचारतो, "असलं फिक्कं का यायलंय?" तेवढ्यासाठी मॉनिटरवर लट. गड्यानं ती रेकॉर्डिंगलाच लावली. सांगितलेलं ऐकायचं सोडून सगळं करणारी ही एक पिढी आहे. असो.

माझ्या खोलीत आल्यावर हाताखालच्या पोरानं बघितलं, हे क्लिप लॉग नाहीत, नेहमीचे दिसतायत. म्हणून लॉग उतरवायची पायरी त्यानं गाळली, बरोबर केलं, आणि नुसता लूक लावला. म्हणजे दुसऱ्यांदा. पहिल्या फेरीत हिरवा-निळा बरोबरीला आले होते, दुसऱ्या फेरीत निळा पुढं गेला आणि सगळंच अंधारात बुडालं.

आणि हे मी तपासताना पास केलं, एकदा नव्हे, तीनदा. का? कारण मी नेहमी त्वचा बघतो. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंग मोजायच्या आलेखावर, त्वचेची रेघ असते, त्यावर बसली की पुढं. दोनदा लट बसली की त्वचा नारिंगी व्हायला हवी, झालीच होती. पण त्यांच्याकडं हळद लागल्यावर चुडा भरतात. नवरीच्या गालावर, हातावर हळद. नारिंगी दिसलं, मी म्हटलं हळदच आहे. हळदीनं माझी चूक झाकली. बांगड्यांकडं मी बघितलंच नाही, पंधरा हजार रुपयांच्या मॉनिटरवर रात्री दीडला.

पोरगा बैलहोंगलकडचा, घरी कन्नड. मी त्याला सगळं सांगितल्यावर तो एवढंच म्हणाला, "हसिरु बळे, अण्णा." हिरव्या बांगड्या. "आमची आई असती तर टीव्हीच फोडली असती." मग त्यानं तोडगा काढला: नोटपॅडमध्ये ती ९,१४५ वी ओळ बदलून टाकू. मी हसलो, पण करून बघितलं. एकच बिंदू बदलला. बांगड्यांवर हिरवे ठिपके उठले आणि मधे मधे निळं तसंच, शेवाळ धरल्यासारखं. शेजारचे बिंदू जुन्याच मताचे, त्यांच्यात एकटा काय करणार.

खरी अडचण पुढं होती. मुख्य कॅमेऱ्याचे शॉट मूळ लॉगवरून पुन्हा करता येतात. आधी समतोल, मग रूपांतर, मग लूक, तोही पातळ करून. पण दुसऱ्या कॅमेऱ्यात लट भाजूनच आलेली. तिला उलटं फिरवता येत नाही, कारण तक्ता दोन वेगळ्या रंगांना एकाच जागी नेऊन बसवू शकतो. हिरवा चुडा आणि शेजारी बसलेल्या मामीची निळी इरकल, दोन्ही त्याच मोरपंखीत जाऊन बसल्या होत्या. त्या रंगाला निवडून हिरवा केला की चुडा हिरवा आणि मामीही हिरवी. मग सतरा शॉट्समध्ये हातांना हाताने मास्क, म्हणजे तेवढाच भाग आखून वेगळा काढायचा. कासाराचा हात मधे येतो, बांगडी फिरते, काच चमकते, आखणी हाताबरोबर हलवणारा ट्रॅकर सुटतो. दोन रात्री गेल्या. ह्याचं बिल लावता येत नाही.

पण कुठला हिरवा करायचा? मी पुन्हा गावी गेलो आणि नवरीच्या आईकडं चुड्यातली उरलेली एक बांगडी मागितली. खिडकीत धरली तर लख्ख, जवळजवळ पोपटी. पाटावर ठेवली तर बाटलीसारखी गडद. काच ही अशी, मागं काय आहे त्यावर तिचा रंग. मी लॅपटॉपशेजारी ती धरून बसलो आणि काही ठरेना. आज्जीनं बांगडी माझ्या हातातून घेतली. त्यांच्या स्वतःच्या हातात काच नव्हती, तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी सुनेला हाक मारली, "हात दे गं," बांगडी तिच्या मनगटात सरकवली, आणि तो हात खिडकीकडं नाही, माजघराच्या उजेडात पुढं केला. "हे बघ. हातातला बघायचा."

तसा केला. आज्जी म्हणाल्या, "आता बरोबर." तीन सेकंदांत.

मला छळतंय ते वेगळंच. दोनदा लट बसली म्हणून निळा झाला आणि आज्जींनी पकडला. पण एकदाच बसलेली लट कुणीच पकडली नाही. त्या दोन सीझनमध्ये माझ्या खोलीतून गेलेल्या प्रत्येक लग्नात ती होती. तेवढ्या सगळ्या चुड्यांना मी अर्ध्या वाटेवर नेऊन सोडलंय, मळकट हिरवे करून, आणि पार्ट्यांनी 'मस्त झालंय' म्हणून बाकी पैसे दिलेत. जुन्या डिस्क काढून तीन-चार बघितल्या. एका फिल्ममध्ये नवरीची आई ओटी भरतेय, तिच्याही हातातला तसाच. मग बघणं बंद केलं.

दुरुस्त फिल्म पेनड्राइव्हवर दिली. नवरीला मात्र जुनी आवडलेली. तिनं टीझर आधीच स्वतःच्या मोबाईलवर घेऊन ठेवला होता, त्यातला चुडा भरायचा तुकडा रील म्हणून टाकला. बरा चाललाय म्हणतात. परवा निपाणीच्या एका पोराचा फोन आला.

"अण्णा, ती चुड्याची लट पाठवा की."

मी विचारलं, "कुठल्या चुड्याची रे?"

"ती हो. निळ्या चुड्याची."