आधी पाणी, मग दगड : चौल-रेवदंड्यातला एक दिवस

मागच्या वेळी अलिबागजवळचा रेवदंडा पाहिला तो सहलीच्या बसमधून उतरून, पंधरा मिनिटांत. वेशीपाशी फोटो, एकेक शहाळं आणि "चला चला, पुढे जेवण तयार आहे". तेव्हापासून रुखरुख होती. म्हणून या पौषात मी आणि आई दोघीच गेलो आणि अख्ख्या दिवसासाठी एक माहीतगार माणूस ठरवला. शेजारच्या चौलचेच निवृत्त शिक्षक. गाव त्यांना सर म्हणतं, आम्हीही सर म्हणू लागलो.

आईचं माहेर रोह्याचं. लहानपण कुंडलिकेच्या काठी गेलं, पण ती नदी समुद्राला मिळते कुठे, हे वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत तिनं पाहिलं नव्हतं. या प्रवासाचं खरं कारण तेच.

फोनवर सरांचा पहिला प्रश्न, "कुठल्या तिथीला येताय?" मी तारीख सांगितली. "तारीख राहू दे हो, तिथी सांगा." भिंतीवरचं कॅलेंडर बघून वद्य षष्ठी म्हटलं. "मग सहाची पाऊणपट, साडेचार. साडेचारला भरती, पावणेअकराच्या आसपास सुकती. आठला या, म्हणजे किल्ल्याच्या तटाच्या बाहेरून चालता येईल. आमच्याकडे आधी पाणी बघायचं, मग दगड." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, हा हिशेब आईला माहेरपासून ठाऊक होता. तिनं मान डोलावली आणि माणूस पसंत केला.

सकाळी सरांनी आम्हाला आधी खाडीच्या काठावर नेलं. पाणी उतरत होतं. समोर कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला, अलीकडे रेवदंडा, मध्ये कुंडलिकेचं मुख. इथलं चौल बंदर दोन हजार वर्षांचं जुनं. ग्रीक लेखकांनी त्याला सिमिल्ला म्हटलं, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ते चेमूल आहे, अरबांनी सैमूर म्हटलं. इसवी सनाच्या दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी इथे येऊन गेला. एवढी नावं एका गावाला मिळतात, कारण जो तो आपल्या गलबतातून, आपल्या भाषेत हाक मारत इथे येत होता.

तटाखालच्या काळसर वाळूवर पोचलो तेव्हा ओहोटी चांगलीच लागली होती. आईच्या हातात काठी, सर तिच्या चालीनं चालत. दोघींसाठीच माणूस ठरवल्याचा हा मोठा फायदा, मागून कुणी घाई करत नाही. तटाच्या एका जागी ते थांबले आणि म्हणाले, "आई, इथे हात लावून बघा." काळे दगड, मधल्या चुन्यात शिंपल्यांचे बारीक पांढरे तुकडे. आईनं नखानं एक कोरून पाहिला, निघाला नाही. समुद्र रोज दोनदा येऊन धडकतो त्या भिंतीत समुद्राचेच शिंपले धरून बसलेत. मी तिथून हलेना.

मग सरांनी पाण्यातले खुंट दाखवले. जाळी बांधायला मच्छीमार रोवतात ते. "अशाच खुंटांनी पोर्तुगीजांचं मोठं जहाज अडकवलं होतं." मार्च 1508. भारतातला पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा, त्याचा तरुण मुलगा लोरेन्सो आपली जहाजं घेऊन या नदीत होता. इजिप्तच्या सुलतानाचं आरमार आणि दीवच्या मलिक अयाझची जहाजं त्याच्यावर चालून आली. निघताना त्याचं जहाज मासेमारीच्या खुंटांत अडकलं, तोफगोळ्यानं पाय गेला, तरी डोलकाठीपाशी बसून तो हुकूम देत राहिला आणि तिथेच मेला. बापानं पुढच्या वर्षी दीवला जाऊन सूड घेतला. शाळेत दीवची लढाई आम्ही दोन ओळींत पाठ केली होती. तिचं मूळ इथे, या चिखलात, कोळ्यांच्या खुंटांत आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

किल्ला त्यानंतरचा. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनं पोर्तुगीजांनी 1521 मध्ये बांधायला घेतलेला. आत शिरलं की किल्ला दिसतच नाही, दिसतात माडाच्या आणि सुपारीच्या वाड्या. एका वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, सरांनी हाक दिली, "वहिनी, येऊ का? पाव्हणे आहेत." आतून "या की" आलं. पन्हळाचं पाणी ओलांडून, वाळत घातलेल्या सुपारीच्या कडेनं आम्ही एका चर्चच्या उभ्या भिंतीसमोर आलो. छप्पर नाही, आत केळी. एकट्यानं आले असते तर रस्त्यावरूनच परतले असते. सातखणी बुरूजही असाच माडांतून अचानक वर येतो. मुळात सात मजल्यांचा मनोरा, आता चार उरलेत. त्याच्या सांध्यांतून पिंपळाची मुळं उतरली आहेत, मनगटाएवढी जाड. खाली कुणीतरी रंगानं नावं लिहिलीत. सर खिशातून रुमाल काढून पुसत होते. रंग सुकलेला होता, जात नव्हता, तरी पुसत होते. मला फार वाईट वाटलं.

दुपारी त्यांच्या घरी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. मी पैशाचं विचारलं तर सरांच्या पत्नी रागावल्या.

रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात अफनासी निकितिनचं स्मारक आहे. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी एक घोडा विकायला घेऊन 1469 च्या सुमारास चौलला उतरला, वास्को द गामाच्या तीसेक वर्षं आधी. त्यानं लिहून ठेवलंय की गोरा माणूस बघायला लोक त्याच्या मागे मागे फिरत. तो घोडा जुन्नरच्या खानानं काढून घेतला होता, मग परत मिळाला. आईला त्या घोड्याचीच काळजी लागून राहिली होती.

चौलच्या रामेश्वरापाशी उन्हं कलती झाली. समोर पुष्करणी, सभामंडपात पर्जन्यकुंड. पाऊस ओढ देई तेव्हा ते उघडत, असं सरांनी सांगितलं. इथलं रेशीम एके काळी जगभर जात होतं. पुढे नदीचं मुख गाळानं भरत गेलं, मुंबई वाढली आणि व्यापार तिकडे गेला. मराठ्यांकडे रेवदंडा आणि कोर्लई आले ते 1740 मध्ये. संभाजीराजांच्या काळात, 1683 मध्ये घातलेल्या वेढ्याला दाद न देणारा किल्ला अखेर तहानं हाती आला.

पूल ओलांडून कोर्लईला गेलो. गावात एका दुकानापाशी दोन बायका बोलत होत्या. शब्द ओळखीचे वाटावेत आणि अर्थ निसटावा. ही 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज आणि मराठीच्या संगतीत इथेच घडलेली, बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. सर आईला म्हणाले, "तुमच्या पिशवीतली चावी, साबण, बटाटा, सगळे पोर्तुगीज शब्द." मग त्या बायकांशी ते मराठीत बोलले आणि त्याही मराठीत हसल्या.

आई दीपगृहापाशी बसली, मी पायऱ्या चढून किल्ल्यावर. पावणेपाच झाले होते. सकाळी उघडा पडलेला चिखल आता नव्हता, खुंटही नव्हते. दोन्ही काठांपर्यंत पाणी भरून आलं होतं आणि होड्या त्याच पाण्यावरून आत येत होत्या.

परतताना पुलाच्या कडेला आईनं गाडी थांबवायला सांगितली. समुद्राकडे न बघता ती उलट दिशेला, पूर्वेला बघत उभी राहिली. "सर, इथनं रोह्याला पडाव जायचे ना?" पडाव म्हणजे मालाची मोठी होडी.

"भरती धरून जायचे की. भात घेऊन परत यायचे, इथून मुंबईला."

"आमचे आजोबा पोती मोजायचे," आई म्हणाली. "मी पाच वर्षांची असेन. पडाव सुटला की ते म्हणायचे, आता हा समुद्र बघणार."

पाणी अजून आत चाललं होतं. आम्ही ते उतरायला लागेपर्यंत थांबलो.