दहा टक्के बरोबर, रविवार चुकला

"मॅडम, दहा टक्क्यांचा नियम मी एकदाही मोडलेला नाही," म्हणत त्यांनी वही पुढे सरकवली. आठवड्याचं एकूण धावणं आधीच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, असा तो नियम. चाळिशीतले गृहस्थ, पहिल्या मॅरेथॉनची तयारी चाललेली. आधी एकदा नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवारच्या ताणाने पडणारी बारीक भेग) होऊन गेलेलं, म्हणून या वेळी सगळं मोजूनमापून. आणि तरीही त्याच पायात दुखत होतं.

वहीआधी मी नडगी तपासली. आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली येताना एका जागी त्यांनी पाय झटकन मागे घेतला. शिन स्प्लिंट (धावण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला होणारं दुखणं) असेल तर दुखरा पट्टा चांगला पाच सेंटिमीटर किंवा जास्त लांब असतो आणि अंग गरम झालं की दुखणं बरेचदा निवळतं. इथे जागा एकच, अंगठ्याच्या पेराएवढी. जितकं धावावं तितकं वाढणारं दुखणं आणि रात्री ठणका. एका पायावर उडी मारायला सांगितलंच नाही, ठणकणाऱ्या हाडावर ती चाचणी कशाला? ऑर्थोपेडिककडे पाठवलं. एक्स-रे स्वच्छ आला, सुरुवातीला तो बहुधा तसाच येतो. एमआरआयमध्ये हाडाच्या आत सूज दिसली. भेग नव्हती, हे नशीब.

मग वही उघडली. आदल्या आठवड्यात ५, ६, ७ आणि रविवारी १२, एकूण ३० किलोमीटर. पुढच्या आठवड्यात ५, ५, ५ आणि रविवारी १८, एकूण ३३. दहा टक्के अगदी काटेकोर! पण लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब धावणं, एका उडीत दीडपट झालेला. हाड आठवड्याची बेरीज करत बसत नाही, त्या एका दिवशी किती ठोके बसले ते त्याला कळतं. शिवाय दुखापतीच्या काळात सायकलिंग करून दम टिकवलेला असतो, त्यामुळे १८ किलोमीटर श्वासाला जडच जात नाहीत. गडबड तिथेच होते. भरीला वजन उतरवण्यासाठी रात्रीचं जेवण बंद केलेलं. हाड दुरुस्त करायला लागणारं इंधनच काढून घेतलं, तर दुरुस्ती रखडणारच. ते जेवण आधी सुरू करायला लावलं.

धावणं सहा आठवडे बंद. परत सुरू करण्याआधीच्या अटी मी लिहून दिल्या: दाबल्यावर दुखू नये, अर्धा तास भरभर चालल्यावर दुखू नये, एका पायावर दहा उड्या वेदनेशिवाय जमाव्यात आणि एका पायावर टाच उचलणं पंचवीसच्या आसपास व्हावं. धावताना पोटरीच्या आतला सोलिअस स्नायू शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार घेतो. तो थकला की ताण नडगीवर येतो. म्हणून टाच उचलणं गुडघा वाकवूनही करायचं.

सुरुवात १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं दहा वेळा, एक दिवसाआड. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी काहीच दुखलं नाही तरच पुढची पायरी. टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) दुखण्यात दहापैकी दोन-तीन इतकी वेदना मी चालवून घेते, हाडाच्या बाबतीत शून्य. सलग अर्धा तास जमल्यावर आधी दिवस वाढवायचे, मग अंतर, वेग सगळ्यात शेवटी. बऱ्याच जणांना नेमकी वेगाचीच घाई असते. पावलं लांब पडत होती, म्हणून त्याच वेगात मिनिटाला पाचेक टक्के जास्त पावलं टाकायला सांगितली. प्रत्येक पावलाचा दणका त्याने कमी होतो.

लाँग रनचा हिशोब त्यांच्यासमोरच मांडला. परत १२ वर पोचल्यावर दर वेळी दीड किलोमीटर वाढवायचं, तीन आठवडे अंतरात चढ आणि चौथ्या आठवड्यात पाव भाग उतार. उतारानंतर आधीच्या सर्वांत लांब रनपासून पुढे. ३० किलोमीटरला जायला चढाच्या १२ पायऱ्या, म्हणजे उतार धरून पंधरा आठवडे. वर टेपरचे, म्हणजे शर्यतीआधी धावणं कमी करत नेण्याचे, तीन. त्यांची शर्यत चौदा आठवड्यांवर होती, आणि १२ किलोमीटरचा टप्पा अजून लांबच.

"मग पस्तीस किलोमीटरपर्यंत जायला नको का? ४२ धावायचे आहेत ना?"

नको. पहिल्या मॅरेथॉनला ३० ते ३२ पुरतात. त्यापुढचे किलोमीटर थकलेल्या पायांवर पडतात आणि सावरायलाच आठवडा जातो. त्यांनी वहीत आकडे पुन्हा मांडून पाहिले, मग पुढच्या हंगामातली शर्यत निवडली. त्यांच्या वहीत आता आठवड्याच्या बेरजेशेजारी आणखी एक आकडा असतो: गेल्या महिन्याभरातला सर्वांत लांब रन.