भरभर श्वास आणि वळलेली बोटं
घाबरल्यावर माणूस भरभर श्वास घ्यायला लागतो ना, तेव्हा बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडलेला नसतो, उलट रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर फेकला जातो, त्याचा दाब नॉर्मल 35 ते 45 मिमी एचजी (दाब मोजायचं एकक) असतो तो खाली येतो. मग मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं, आणि रक्तातलं मोकळं (प्रथिनांना न चिकटलेलं) कॅल्शियम घटतं म्हणून ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या. माझ्या बहिणीचा तर अंगठा तळव्यात वळून बोटं ताठ झाली होती, घरचे म्हणे फिट आली! तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय प्लीज नको, दमा किंवा हार्टचा त्रास असेल तर जिवावर बेतू शकतं. शेजारी बसा, हळूहळू श्वास सोडायला लावा, आणि छातीत दुखत असेल किंवा पहिल्यांदाच होत असेल तर सरळ डॉक्टर गाठा.