शब्द एकटा पाठ करू नये

आमच्या बेळगावात इंग्लिश भारी येणं म्हणजे जड जड शब्द येणं असं एक खूळ आहे, त्यात बँकेच्या परीक्षेचा क्लास लावलेली पोरं तर विचारूच नका, वहीत डावीकडं शब्द उजवीकडं अर्थ आणि घोकंपट्टी चालू. टिळकवाडीतल्या भाच्याला विचारलं, काय करायलास रे? "व्होकॅब वाढवायलोय मामा." आणि लगेच वाक्य करून दाखवलं, आय इंटरॉगेटेड माय सर अबाऊट द सम. म्हटलं गणित विचारलंस की सरांना कोठडीत घातलंस? पण त्याचा दोष काय, वहीत पुढं 'विचारणे' एवढंच लिहिलंय की.

१०६६ साली फ्रान्सकडनं आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात नि कोर्टात फ्रेंच आली, चर्च आणि विद्वानांची लॅटिन होतीच, त्यामुळं एकेका कामाला दोन-तीन शब्द होऊन बसले. आस्क घरचा जुना, क्वेश्चन फ्रेंचमधनं आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधला. अर्थ जवळपास तोच, पण आस्क कुठंपण चालतो आणि इंटरॉगेट म्हटलं की पोलीस आठवतात, हे वहीत कुठं लिहिलेलं असतंय?

जड शब्द शिकू नयेत असं नाही हां, पण शेजाऱ्यासकट, म्हणजे ज्या शब्दाला चिकटून येतात त्याच्यासकट शिकावेत. मेटिक्युलस प्लॅनिंग म्हणजे बारीकसारीक बघून केलेलं नियोजन, स्केदिंग क्रिटिसिझम म्हणजे झोंबणारी टीका, आणि जुलैत खानापूरकडं कोसळतो तो टोरेन्शियल रेन. आपण कन्नड असंच उचललं ना? खडेबाजारात उभं राहून 'एष्ट री' (केवढ्याला हो), 'कडिमी माड्री' (कमी करा की) कानावर पडलं, भाव करणाऱ्या हातवाऱ्यासकट, आणि पुढच्या खेपेला आपसूक तोंडातनं निघालं, व्याकरण विचाराल तर आजपण सांगता यायचं नाही.

जुन्या मंडळींचंपण तसंच, शब्द नाही तर आख्खी ओळच पाठ. रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायचा अर्ज असला तरी 'आय बेग टू स्टेट' ठरलेलं, हक्काच्या कामाला कशाला बेग करायचं देव जाणे, पण वाक्य कुठं अडखळायचं नाही.

अमेरिकेला शिकायला जाणाऱ्यांच्या जीआरई परीक्षेत तर २०११ पासनं सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणंच बंद झालं, आता वाक्यातल्या गाळलेल्या जागी शब्द बसवायला लागतो. भाच्याला म्हटलं, रोज दोनच शब्द घे, पण वर्तमानपत्रात तो जिथं सापडेल ते आख्खं वाक्य उतरव.

"मग वही लवकर संपतेय की मामा!"

संपू दे, म्हटलं, दुसरी घेऊन देतो.